चात्यांचा हिशोब : वऱ्हाडातील यंत्रे आणि उत्पादकतेचे भाजक

'उत्पादकता' हा शब्द आपल्या लेखनात येतो तेव्हा बहुधा अर्धाच येतो. उत्पादकता हा मुळात भागाकार आहे. वर उत्पादन, खाली त्यासाठी खर्ची पडलेले काहीतरी. हे खालचे काहीतरी म्हणजे मजुराचा तास असेल, यंत्रात घातलेला रुपया असेल, चाती असेल किंवा क्विंटलभर कापूस असेल. भाजक बदलला की उत्तर बदलते, हे शाळकरी पोरालाही कळते. तरी वऱ्हाडातल्या कापूस-उद्योगाबद्दल दीडशे वर्षांत जे ढीगभर लिहिले गेले, त्यात 'यंत्र आले आणि उत्पादकता वाढली' किंवा 'यंत्र आले आणि माणूस बुडाला' ही दोनच वाक्ये आलटून पालटून भेटतात. दोन्हींत भाजक गाळलेला असतो.

पहिल्या प्रकारच्या लेखनाला मी यंत्रपुराण म्हणतो. कापूस आयुक्तांचे अहवाल, गॅझेटियर आणि अलीकडचे प्रकल्प-अहवाल या जातीचे. दुसरा प्रकार यंत्रविलापाचा. त्यात राष्ट्रवादी इतिहासलेखन येते, काही डावे लेखन येते आणि आपल्या दिवाळी अंकांतले बरेचसे ग्रामचिंतनही येते. अचलपूर-परतवाड्यात राहणाऱ्या माणसाला हे दोन्ही आवाज रोज ऐकू येतात. इथे आरागिरण्या आहेत, जिनिंग आहेत, बंद पडलेली सूतगिरणी आहे आणि न धावणाऱ्या शकुंतलेचे रूळ आहेत. एवढा ऐवज डोळ्यांसमोर असताना पुराणावर आणि विलापावर भागत नाही, म्हणून हा खटाटोप. अर्थशास्त्राचे रीतसर शिक्षण मला नाही. जे आहे ते ग्रंथालयांतून आणि जिनांच्या आवारांतून गोळा केलेले.

सुरुवात रेच्यापासून करू. दोन लाट्या, एक लाकडी आणि एक लोखंडी, उलट दिशांनी फिरणाऱ्या. बाई दांडा फिरवते, कापूस मध्ये सरकवते, रुई पलीकडे जाते आणि सरकी अलीकडे पडते. दिवसभर हात चालवून काही शेर रुई निघायची. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरला कापूस मिळेना, तेव्हा साऱ्या नजरा वऱ्हाडाकडे वळल्या. लिव्हरपूलच्या बाजारात या भागाच्या कापसाला 'उमरा' म्हणत, ते आपल्या उमरावतीचे म्हणजे अमरावतीचेच नाव. त्याआधी हा माल लमाणांच्या बैलांवर लादून महिनोन्‌महिने वाट तुडवत जाई आणि पोहोचेपर्यंत धूळ नि ओल खाऊन निम्मा नासे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला आणि त्यामागून वाफेवरचे प्रेस व जिन आले. अमेरिकन करवती जिन आखूड तंतू तोडतो, म्हणून इकडे टिकला तो मॅकार्थीचा लाटीचा जिन. चामड्याने मढवलेली लाटी, तिला टेकलेले एक स्थिर पाते आणि वरखाली होणारे दुसरे. तत्त्व रेच्याचेच, जोर मात्र इंजिनाचा.

मजुराचा तास भाजक धरला तर यंत्रपुराण शंभर टक्के खरे आहे. रेच्याची आणि मॅकार्थी जिनाची तुलनाच नको. आता भाजक बदला आणि मजुराच्या तासाऐवजी 'कापसाचा गुण' धरून पाहा.

रेचा घरचा होता. शेतकऱ्याच्या पडवीत त्याच्याच शेतातली बोंडे पिंजली जात, सरकी घरातच राही. तिच्यातली चांगली पुढच्या पेऱ्याला ठेवायची, उरलेली म्हशीला. बियाण्याची निवड हे वेगळे खाते नव्हते, ते रुई काढण्याच्या कामातच मुरलेले होते. जिन आला आणि दहा गावांचा कापूस एका आवारात एकाच ढिगावर पडू लागला. तिथून परत आली ती दहा गावांची मिसळलेली सरकी. शेतकऱ्याने पेरली तीच. दोन-तीन पिढ्यांत जातींची भेसळ इतकी झाली, की १९१७ साली नेमलेल्या भारतीय कापूस समितीला हाच एक मोठा विषय होऊन बसला. समितीच्या शिफारशींतून १९२१ मध्ये मध्यवर्ती कापूस समिती निघाली, १९२३ मध्ये कापूस वाहतुकीचा कायदा आला, १९२४ मध्ये माटुंग्याची कापूस प्रयोगशाळा उभी राहिली आणि १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. जे काम पडवीतली बाई फुकट आणि न कळत करत होती, ते पुन्हा करून घेण्यासाठी एक समिती, एक प्रयोगशाळा आणि दोन कायदे लागले. हा खर्च जिनाच्या उत्पादकतेच्या हिशोबात कोणी धरलेला मला दिसला नाही.

याच्याच जोडीला जातीचा प्रश्न. वऱ्हाडची जुनी बणी लांब आणि मऊ तंतूची, पण तिचा उतारा कमी. शंभर शेर कापसातून जेमतेम पंचवीस-तीस शेर रुई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिची जागा आखूड, जाड तंतूच्या रोझियमने घेतली. तिचा उतारा चाळीसच्या आसपास, पीक लवकर येणारे आणि काटक. खुद्द शेतीखात्यानेच ती पसरवली. शेतकरी मूर्ख नव्हता. बाजार लांब तंतूला जेवढा जास्त भाव देई, तेवढ्याने उताऱ्यातली तूट भरून निघत नव्हती. यंत्राने रोझियम आणली असे मी म्हणत नाही. पण जिनवाला आणि व्यापारी ज्या एका आकड्यावर जगतात, तो उताऱ्याचा आकडा साऱ्या व्यवहाराचा राजा झाला आणि तंतूची लांबी दरबाराबाहेर गेली. जिनाची उत्पादकता वाढली. त्याच रुईवर चालणाऱ्या सूतगिरणीची मात्र त्याच पावलाने अडचण झाली. 'उद्योगाची उत्पादकता' असे एकवचनी बोलणे किती फसवे असते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

लक्ष्मण सत्य यांचे 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' (१९९७) हे इंग्रजी पुस्तक वऱ्हाडच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. १८५० ते १९०० या काळात कापसाने वऱ्हाडच्या अन्नाची, चराईची आणि कारागिरीची घडी कशी मोडली आणि शतकाच्या अखेरीच्या दोन दुष्काळांत त्याची किंमत कोणी मोजली, हे त्यांनी निष्ठेने मांडले आहे. पुस्तक मोलाचे आहे आणि माझी तक्रार त्याच्या निष्ठेबद्दल नाही. तक्रार इतकीच, की त्यात यंत्र हे साम्राज्याचे हत्यार म्हणून येते, यंत्र म्हणून येत नाही. लाटी काय करते आणि सरकी कुठे जाते, हे प्रश्न न विचारता मोडतोडीचा निष्कर्ष काढला, की विलाप उरतो. शिवाय पुस्तक १९०० ला थांबते आणि सरकीच्या भेसळीची गोष्ट तर त्यानंतर पिकते.

या बाबतीत आपले जुने मराठी लेखक अधिक चौकस होते. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या जोतीरावांना विलायती यंत्रावर निघालेल्या कापडाने साळी-कोष्टी उपाशी मरताना दिसत होते आणि त्याच वेळी शेतकऱ्याच्या पोराला हत्यारांचे व यंत्रांचे शिक्षण मिळाले पाहिजे हेही त्यांना कळत होते. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गांवगाडा'त उलट बाजू धरली. वतनाने पोटाची हमी दिली, म्हणून बलुतेदाराला हुन्नर सुधारण्याची निकडच राहिली नाही, असे त्यांचे निदान. आत्र्यांचा सूर कधी कधी फार चढा लागतो, हे कबूल. पण कामाचा मोबदला कसा ठरतो यावर हुन्नर वाढणे-खुंटणे अवलंबून असते, ही त्यांची दृष्टी आजच्या अनेक अर्थशास्त्रज्ञांना मागे टाकील अशी आहे. पुढे एकाधिकार खरेदीपाशी ती आपल्याला लागेल.

आता नागपूरकडे वळू. वऱ्हाडच्या सीमेबाहेरचे असले तरी ते याच कापसावर उभे राहिले. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबई सोडून कापसाच्या रानात गिरणी काढणे तेव्हा वेडेपणाचे समजले गेले. पहिली यंत्रे स्वस्तात घेतलेली होती, ती निकृष्ट निघाली आणि बदलावी लागली. पुराणकार हा भाग उरकून घेतात. त्यांचा आवडता भाग पुढचा. रिंग चातीचे तंत्र नवे होते, लँकेशायर अजून म्यूलवर सूत कातत होते आणि तिथले कारागीर व कारखानदार तिला चिकटून होते. जमशेटजींनी १८८३ च्या सुमारास नागपुरात रिंग चालवून पाहिली. जगातल्या नामांकित यंत्रनिर्मात्यांनी हात आखडता घेतला, तेव्हा दुसऱ्या एका कंपनीला ती बनवायला लावली. थोड्याच वर्षांत एम्प्रेसमध्ये रिंग रुळली.

म्यूल सूत ओढते, थांबते, गुंडाळते आणि पुन्हा ओढते. रिंग न थांबता कातते आणि गुंडाळते. म्यूल चालवायला वर्षानुवर्षे मुरलेला कारागीर लागतो, रिंगला नवखा माणूस चालतो. कसबी कातारी नसलेल्या नागपूरला रिंग मानवली यात नवल नाही. लँकेशायरजवळ जे होते, म्हणजे पिढीजात कसब, तेच तिथे नव्या यंत्राच्या आड आले. मात्र रिंगची एक अट असते. त्याच नंबरच्या सुताला तिला म्यूलपेक्षा थोडा लांब, बरा तंतू लागतो. जपान्यांनी निरनिराळ्या देशांच्या कापसाची मिसळ करण्याचे शास्त्रच बनवून ही अट सांभाळली. आपण इकडे रिंगा वाढवत होतो आणि त्याच काळात शेतातला तंतू आखूड होत चालला होता.

एम्प्रेसचे यश एकट्या रिंगचे होते का? माझे उत्तर नाही असे आहे. नागपूरची हवा कोरडी. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून आत ओलावा राखण्याची उपकरणे बसवली गेली. मजूर हंगामात शेतावर पळत, म्हणून हजेरीला बक्षिसे, निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी अशा सोयी झाल्या आणि त्या कायद्याची सक्ती येण्याच्या कितीतरी आधी झाल्या. कारभारी बेझनजी मेहता मूळचे रेल्वेच्या मालखात्यातले. सुताचे त्यांना काही माहीत नव्हते, पण माल, माणसे आणि वेळ यांचे वेळापत्रक लावणे पक्के माहीत होते. याची उलटतपासणी जमशेटजींनीच करून ठेवली आहे. १८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची बुडालेली धरमसी मिल घेतली आणि तिची स्वदेशी मिल केली. मालक तोच, तंत्राचे ज्ञान तेच, पण जुनाट यंत्रांनी आणि विस्कटलेल्या माणूसबळाने वर्षानुवर्षे घाम काढला. शेवटी नागपूरची माणसे नेऊन गाडी रुळावर आणावी लागली.

इथे ग्रेगरी क्लार्क यांच्या १९८७ च्या गाजलेल्या निबंधाचा समाचार घेणे भाग आहे. जगभरच्या कापडगिरण्या साधारण एकसारखी, बहुतेक इंग्लंडात बनलेली यंत्रे वापरत होत्या. तरी १९१० च्या सुमारास न्यू इंग्लंडमधला एक कामगार जेवढे काम उरकी, तेवढ्याला हिंदुस्थानात जवळजवळ सहा माणसे लागत. हवा, कच्चा माल, व्यवस्थापन ही कारणे क्लार्क तपासतात, एकेक बाजूला सारतात आणि शेवटी बोट कामगाराकडे, त्याच्या भोवतालच्या चालीरीतींकडे दाखवतात. निबंध हुशारीने लिहिला आहे. 'यंत्र आणले की उत्पादकता आपोआप येते' या पुराणाची त्याने कायमची खोड मोडली, याबद्दल त्याचे ऋण मानले पाहिजे.

पण त्यांचाही भाजक एकच, कामगार. मजुरी जिथे स्वस्त आणि कापूस महाग, तिथे गिरणी माणूस वाचवील की रुई? स्वस्त, आखूड, कचरा असलेली मिसळ लावायची, धागे जास्त तुटू द्यायचे आणि तुटलेले जोडायला जास्त हात ठेवायचे, हा मालकाच्या दृष्टीने चोख हिशोब होता. सहा माणसे हा त्या हिशोबाचा निकाल. कच्च्या मालाचा मुद्दा क्लार्क चर्चेत घेतात, पण मालकाची निवड आणि मजुराची वृत्ती यांची गाठ सोडवत नाहीत. मुंबईत १९२८ चा प्रचंड संप झाला, तेव्हा वाद हाच होता. एका माणसाने जास्त चात्या, जास्त माग सांभाळावेत हे मालकांचे म्हणणे. मग सूत चांगले द्या, वाढीव कामाचे दाम द्या आणि सुटलेल्या माणसांचे काय ते सांगा, हे कामगारांचे. चात्या सांभाळणाऱ्याला भाजक बरोबर ठाऊक होता.

आता जरा अलीकडे येऊ. अर्थशास्त्राचे इतिहासकार पॉल डेव्हिड यांचा १९९० चा एक निबंध विजेच्या मोटारीवर आहे. वीज कारखान्यांत आल्यावर उत्पादकतेत फरक दिसायला अमेरिकेत जवळजवळ चाळीस वर्षे गेली, असे ते दाखवतात. सुरुवातीला लोकांनी वाफेचे इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटार बसवली आणि तोच लांबलचक शाफ्ट, तेच पट्टे फिरवत ठेवले. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार देऊन कारखान्याची मांडणीच नव्याने केली, तेव्हा कुठे लाभ पदरात पडला. हे वाचताना मला आपली जुनी जिनिंग दिसू लागतात. जमिनीखालून किंवा छताजवळून गेलेला एकच शाफ्ट, त्यावरून उतरलेले चामडी पट्टे, दोन्ही बाजूंना जिनांची रांग. इंजिन गेले, वीज आली, शाफ्ट तोच राहिला. अमेरिकेला चाळीस वर्षे लागली, आपल्याकडे काही ठिकाणी त्याच्या दुप्पट.

का लागली? इथे आत्रे आठवतात. १९७२ मध्ये महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली आणि सुमारे तीन दशके या ना त्या रूपात चालली. शेतकऱ्याला हमीचा भाव मिळावा या हेतूबद्दल माझा आक्षेप नाही. व्यापाऱ्याच्या काट्याखाली भरडलेल्यांनी ती योजना मागून घेतली होती. पण जिनवाल्याच्या बाजूने पाहा. कापूस सरकारी, रुई सरकारी आणि याला मिळायचा तो क्विंटलमागे ठरलेला पिंजाईचा दर. रुई स्वच्छ निघाली काय, कचऱ्यासकट निघाली काय, दर तोच. नवे यंत्र घेण्याचे कारणच उरले नाही. वतनदार बलुतेदाराचे आत्र्यांनी केलेले वर्णन इथे हुबेहूब बसते, फक्त वतन सरकारी करारातून आलेले.

२००० साली केंद्र सरकारचे कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि त्याच्या चौथ्या भागात जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळाले. जुना दुहेरी लाटीचा जिन ताशी साधारण ४० ते ५० किलो रुई देई, नवा जम्बो त्याच्या दुप्पट देतो. यंत्रे बव्हंशी नागपूरच्या कारखान्यांतली, म्हणजे नवकल्पना बाहेरून आयात करावी लागली नाही. आणि खरा बदल लाटीत नव्हताच. कापूस हवेच्या नळ्यांतून आणि सरकत्या पट्ट्यांवरून जिनापर्यंत जाऊ लागला, मध्ये कचरा गाळणारी यंत्रे आली, फरशीवरचे ढीग गेले. १७० किलोची गठाण पूर्वीपेक्षा निर्मळ बांधली जाऊ लागली. डेव्हिड म्हणतात ती नवी मांडणी हीच.

त्या मांडणीत डोक्यावर कापसाचे बोचके घेऊन जिनापर्यंत जाणाऱ्या आणि दिवसभर हाताने जिनाला कापूस चारणाऱ्या बायांची रांग संपली. वऱ्हाडात दिवाळीपासून होळीपर्यंत 'जीनात जाणे' हा शेतमजूर घरांतल्या बाईचा रोजगार होता. काम वाईट होते. रुईच्या उडत्या तंतूंनी छाती भरे आणि लहान पोरे ढिगाशेजारी झोपवावी लागत. ते काम गेले याचा शोक करण्याचे मला कारण दिसत नाही. पण पडवीतल्या रेच्यापासून आवारातल्या बोचक्यापर्यंत कापसावरच्या दर सुधारणेत पहिली बाहेर पडली ती बाईच. तिच्यासाठी दुसरी जागा प्रत्येक वेळी आखून ठेवता आली असती, तशी ती ठेवली गेली नाही. आता रानात वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणून शेतकरी हैराण आहेत आणि कापूस वेचण्याचे यंत्र आणण्याची चर्चा आहे. ते वऱ्हाडच्या लहान तुकड्यांवर, टप्प्याटप्प्याने फुटणाऱ्या पराटीवर कसे चालेल, हा वेगळ्या लेखाचा विषय.

अचलपूरची गिरणी हे या साऱ्याचे सार असलेले प्रकरण. विदर्भ मिल्स बेरार ही जुनी गिरणी. तिच्या भोंग्यावर गावाची घड्याळे लागत. १९७४ मध्ये आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणात अकोल्याच्या सावतराम मिलसारख्या गिरण्यांबरोबर ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. पुढे जुन्या यंत्रांनिशी बंद पडली. मग या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस तिच्याच जागेवर नवी, आधुनिक गिरणी उभी राहिली. तिला मुंबईच्या फिनले मिलचे नाव दिले गेले. मुंबईत चिमणी पडली आणि अचलपुरात उभी राहिली, असा हा दुर्मीळ प्रवास. नवी कताईयंत्रे, नवी इमारत, पंचक्रोशीत कापूस. यंत्रपुराणाला हवे ते सगळे होते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. महामंडळाच्या देशभरातल्या गिरण्या बंद झाल्या, त्यांत हीही होती आणि त्यानंतर ती पूर्वीसारखी नांदली नाही. कामगारांची आंदोलने झाली, अर्धवट पगाराचे वाद झाले. आता विचारा, या गिरणीची उत्पादकता किती? ताशी, दर चातीमागे मोजली तर उत्तम असणार, यंत्रे नवी होती. वर्षाच्या ३६५ दिवसांवर मोजा. चात्या तितक्याच, दिवस तितकेच, वरचा आकडा शून्य. सूत काढायला चाती लागते तसे खेळते भांडवल लागते, हंगामात कापूस विकत घेऊन ठेवण्याचा अधिकार हाती असलेला व्यवस्थापक लागतो. कापसाचे भाव दिवाळीत आणि मार्चमध्ये सारखे नसतात. खरेदीचा निर्णय दूरच्या कचेरीत अडकून राहतो तोवर हंगाम निघून जातो. बेझनजी मेहतांना नागपुरात बसून जे करता येत होते, ते शंभर वर्षांनंतरच्या रचनेत अचलपुरात बसलेल्याला करता येत नव्हते.

शकुंतलेचा हिशोब याच्या उलट आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद मापाची रेल्वे. यवतमाळचा फाटा १९०३ चा आणि अचलपूरचा १९१३ चा. कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या मार्गावर नेऊन टाकायचा, एवढ्यासाठी बांधलेली. मूर्तिजापुरात एका डब्यातून दुसऱ्यात माल भरण्याची हमाली कायमची मानगुटीवर बसली. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले तिचे वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावत होते. मग डिझेल आले आणि काही वर्षांनी गाडीच थांबली. वेग आणि वेळ यांच्या हिशोबात ती कधीच टिकणारी नव्हती. पण एका इंजिनाने सत्तरहून अधिक वर्षे सेवा दिली आणि गोरगरिबाला तालुक्याच्या गावी नेऊन आणले. घातलेल्या रुपयावर मोजायचे तर या भागातल्या कोणत्याही यंत्राने एवढी परतफेड केली असेल असे मला वाटत नाही. तिचे कौतुक करणारे पर्यटनलेख मला रुचत नाहीत. शकुंतला गोड होती म्हणून रडायचे नसते, तिच्याजागी मोठ्या मापाची गाडी आली नाही म्हणून चिडायचे असते.

एक आनुषंगिक गोष्ट, कारण हा अंक साहित्याचा आहे. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा'पासून मुंबईच्या गिरणगावाला मराठीत कादंबरी मिळाली, पुढे सुर्व्यांची कविता मिळाली, जयंत पवारांचे 'अधांतर' मिळाले. वऱ्हाडच्या कास्तकारालाही मिळाली. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली कौतिक आहे, सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मधला एकनाथ आहे. या दोहोंच्या मधला जीन मात्र माझ्या वाचनात कुठे ठळक उतरलेला नाही. कापूस शेतात असतो तोवर तो मराठी साहित्यात असतो, मुंबईत सूत झाला की पुन्हा येतो. मधल्या आवारात त्याचे काय होते, तिथला फिटर, लाटीवाला, मापारी, बोचकेवाली बाई यांच्याकडे लेखक फिरकलेला नाही. पुराण आणि विलाप यांच्याखेरीज तिसरी भाषा आपल्याला सापडली नाही, त्याचे हेही एक कारण असावे.

२० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. नांदगाव पेठ परिसरात हजारेक एकरांवर शेतापासून निर्यातीपर्यंतची साखळी एका ठिकाणी आणण्याची ती योजना आहे. अशा उद्यानाला माझा विरोध नाही. वऱ्हाडची रुई गठाणी होऊन बाहेर जाते आणि कापड होऊन परत येते, हे दीडशे वर्षांचे दुखणे आहे. पण तिथल्या गुंतवणुकीच्या आणि रोजगाराच्या आकड्यांशेजारी आणखी तीन रकाने छापले जावेत. वर्षातले किती दिवस यंत्रे प्रत्यक्ष फिरली. तिथे लागणाऱ्या रुईतली किती वऱ्हाडात पिकलेली आणि कोणत्या लांबीची. आणि यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस किती कोसांवर.

शेवटचा रकाना कोणाला किरकोळ वाटेल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने बनवलेली छोटी डाळगिरणी घ्या. तुरीचे टरफल काढून डाळ करणारे साधे यंत्र, मोठ्या डाळमिलपुढे ताशी काहीच नाही. पण ती गावात बसते, बचतगटाच्या बाया चालवतात, गावचा मिस्त्री दुरुस्त करतो आणि चुनी गावच्या ढोरांना मिळते. अकोल्याच्या बाजारातून ढेप आणि चुनी विकत आणणाऱ्या कास्तकाराला या शेवटच्या गोष्टीची किंमत सांगावी लागत नाही.

असा रकाना याआधीही एकदा मांडला गेला होता. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालले पाहिजे, बाईला ते आठ तास फार न थकता चालवता आले पाहिजे, किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, वीस वर्षे टिकायला हवे आणि दरसालचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. सुताच्या लांबीबरोबर बाईचा थकवा, गावाची ऐपत आणि सुताराचे बिल, सगळे भाजकात. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेही त्यासाठी खटपट केली होती. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.